जेम्सटाउनच्या मेढेकोटातील दैनंदिन जीवन : लेखी साधने आणि पुरातत्त्वीय पुरावा

प्रस्तावना

इतिहासलेखनाच्या साधनांमध्ये लेखी साधनांना नेहमीच अग्रमान दिला गेला आहे. वसाहतवादाच्या इतिहासाबाबत तर हे विशेषच खरे आहे. वसाहती स्थापन करणाऱ्या कंपन्यांनी सनदा, पत्रे, अहवाल, याद्या व नकाशे यांचा मोठा संग्रह मागे ठेवला. परंतु हे कागद लिहिणारे हात मोजके होते. सुतार, मजूर, नोकर मुली, स्थानिक स्त्रिया, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक यांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवले नाही. त्यांचे जगणे कागदात उमटले ते इतरांच्या सोयीने आणि बहुधा ओझरतेच. त्यामुळे वसाहतीचा इतिहास म्हणजे वसाहतीच्या कारभाऱ्यांचा इतिहास, असे समीकरण दीर्घकाळ रूढ राहिले.

या समीकरणाची उलटतपासणी करण्यासाठी व्हर्जिनियातील जेम्सटाउनसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. मे १६०७ मध्ये वसलेली ही उत्तर अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकून राहिलेली वसाहत होय. तिच्याविषयी कागदपत्रे भरपूर आहेत आणि १९९४ पासून तेथे सातत्याने उत्खनन होत आहे. भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीनेही हा विषय सर्वस्वी परका नाही. लंडनचे व्यापारी सर टॉमस स्मिथ हे १६०० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते आणि तेच व्हर्जिनिया कंपनीचेही खजिनदार, म्हणजे प्रमुख होते. जेम्सटाउनच्या वसाहतवाल्यांना एक वर्षही पुरते लोटले नव्हते, तेव्हा विल्यम हॉकिन्स सुरतेच्या वाटेवर होता. ऑगस्ट १६०८ मध्ये तो सुरतेस पोहोचला. एकाच शहरातून, अंशतः एकाच भांडवलातून निघालेल्या या दोन वाटा होत्या.

प्रस्तुत निबंधात जेम्सटाउनच्या पहिल्या दोन दशकांतील दैनंदिन जीवनाविषयी उत्खननातून काय कळते, लेखी साधनांतील चित्राला त्यामुळे कोठे पुष्टी मिळते व कोठे ते बदलावे लागते, आणि या पुराव्याच्या स्वतःच्या मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार केला आहे. प्रसिद्ध झालेले उत्खननविषयक निष्कर्ष व समकालीन वृत्तांत यांची तुलना, ही या अभ्यासाची पद्धत आहे.

कागदपत्रांतील जेम्सटाउन

सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड व डिस्कव्हरी या तीन जहाजांतून आलेल्या १०४ पुरुष व मुलांनी जेम्स नदीतील एका सखल, दलदलीच्या जागी मुक्काम ठोकला. जानेवारी १६०८ मध्ये त्यांपैकी अवघे ३८ जिवंत होते. १६०९-१० च्या हिवाळ्यात तर कहर झाला. वसाहतीतील सुमारे ३०० माणसांपैकी वसंत ऋतूपर्यंत सुमारे ६० उरली. हा काळ इतिहासात ‘उपासमारीचा काळ’ म्हणून ओळखला जातो.

या अपयशाचे कारण समकालीन लेखकांनी बहुतांशी माणसांच्या स्वभावात शोधले. पहिल्या तुकडीतील सुमारे निम्मे लोक ‘जंटलमन’ वर्गातील, म्हणजे अंगमेहनतीची सवय नसलेले होते. कॅप्टन जॉन स्मिथने त्यांच्या आळसाविषयी कडवट शब्दांत लिहिले आणि काम न करणाऱ्यास अन्न मिळणार नाही असा नियम घातला. पुढील काळातील इतिहासकारांनी हेच चित्र उचलले. सोन्याच्या मागे धावणारी, शेतीची अक्कल नसलेली, उपाशी मरत असतानाही काम टाळणारी माणसे, अशी जेम्सटाउनच्या रहिवाशांची प्रतिमा पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

येथे साधनचिकित्सेचा साधा प्रश्न विचारला पाहिजे : हे कोणी, कोणासाठी लिहिले? स्मिथ हा वसाहतीतील गटबाजीत गुंतलेला, ऑक्टोबर १६०९ मध्ये जखमी अवस्थेत इंग्लंडला परतलेला अधिकारी होता; स्वतःच्या कारभाराचे समर्थन करणे त्याला आवश्यक होते. त्याच्यामागून कारभार पाहणारा जॉर्ज पर्सी यानेही आपली बाजू मांडण्यासाठीच लेखणी उचलली. कंपनीला भागधारकांसमोर अपयशाचा दोष देण्यासाठी कोणीतरी हवे होते आणि मेलेली माणसे उत्तर देऊ शकत नव्हती. हे कागद खोटे आहेत असे नव्हे. ते एका वादातील एका पक्षाचे कैफियतपत्र आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

मेढेकोटाचा शोध

मूळ किल्ला जेम्स नदीच्या प्रवाहात वाहून गेला, असा विसाव्या शतकात सार्वत्रिक समज होता. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या वतीने १९३६ पासून जे. सी. हॅरिंग्टन यांनी आणि १९५० च्या दशकात जॉन कॉटर यांनी तेथे मोठे उत्खनन केले. परंतु त्यांतून मुख्यतः नंतरच्या नगराचे अवशेष मिळाले, किल्ला मिळाला नाही. एप्रिल १९९४ मध्ये विल्यम केल्सो यांनी सतराव्या शतकातील चर्चच्या विटांच्या मनोऱ्याजवळ खोदण्यास प्रारंभ केला. चर्च वस्तीच्या मध्यभागी असणार आणि मूळ किल्लाही त्याच्या आसपासच असणार, असे त्यांचे अनुमान होते.

मिळाले ते दगडी तट नव्हेत. जमिनीत ओळीने उमटलेले मातीचे गडद डाग मिळाले. लाकडी खांब रोवण्यासाठी चर खणला, खांब उभे केले, माती भरली. कालांतराने लाकूड कुजले आणि त्याच्या जागी निराळ्या रंगाची माती राहिली. अशा डागांच्या रेषा जोडत गेल्यावर एका त्रिकोणी मेढेकोटाच्या बाजू स्पष्ट झाल्या आणि सप्टेंबर १९९६ मध्ये किल्ला सापडल्याचे जाहीर करण्यात आले. नदीने त्याचा केवळ एका कोपऱ्याकडील भाग नेला होता. १९०१ च्या सुमारास बांधलेल्या संरक्षक भिंतीने उरलेला भाग वाचवला. तसेच यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने त्याच जागी रचलेल्या मातीच्या बुरुजाखाली काही अवशेष झाकले जाऊन सुरक्षित राहिले होते.

१६१० मध्ये आलेल्या विल्यम स्ट्रॅची याने किल्ल्याची नदीकडील बाजू १४० यार्ड व उरलेल्या दोन बाजू प्रत्येकी १०० यार्ड असल्याचे नमूद केले होते. स्पॅनिश राजदूत पेद्रो दे झुनिगा याने १६०८ मध्ये माद्रिदला पाठविलेल्या नकाशातही किल्ल्याचा आकार त्रिकोणीच होता. मातीने या दोन्ही साक्षींना दुजोरा दिला. म्हणजे लेखी साधन व उत्खनन यांचे नाते केवळ विरोधाचे नाही.

कालनिश्चितीच्या बाबतीतही हीच गोष्ट दिसते. जून १६१० मध्ये गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर आला तेव्हा किल्ल्याची दुरवस्था पाहून त्याने साफसफाईचा हुकूम दिला. तळघरे, खड्डे व निकामी झालेली विहीर यांत कचरा लोटून ती बुजविण्यात आली. त्यामुळे या खड्ड्यांतील वस्तू पहिल्या तीन वर्षांच्या आहेत असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. एका हुकमाने नकळत एक दफ्तरखानाच बंद करून ठेवला.

घर, पाणी आणि पाऊस

किल्ल्यातील आरंभीची घरे विटांची वा दगडांची नव्हती. जमिनीत खांब रोवून त्यांच्यामध्ये काठ्यांचे कूड उभारायचे व त्यावर मातीचा जाड लेप द्यायचा, अशी त्यांची रचना होती. आपल्याकडील कुडाच्या घराशी तिचे साम्य चटकन लक्षात येते. इंग्लंडमध्ये ही पद्धत विशेषतः लिंकनशायर परगण्यात प्रचलित होती. पहिल्या तुकडीतील विल्यम लॅक्स्टन हा सुतार त्याच परगण्यातील असल्याने ही घरे त्याच्या हाताखाली उभी राहिली असावीत, असे केल्सो यांनी सुचविले आहे. छपरांच्या बाबतीत मात्र गावाकडची पद्धत पुरी पडली नाही. उन्हाळ्याच्या उष्म्यात झाडाच्या सालींचे आच्छादन अधिक थंड राहते, हे वसाहतवाले स्थानिकांकडून शिकल्याचे स्ट्रॅचीने नोंदविले आहे.

पाण्याचा प्रश्न घरापेक्षा बिकट होता. जेम्स नदीच्या या भागात समुद्राच्या भरतीचे पाणी आत येते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की खारे पाणी आणि वस्तीची घाण एकाच जागी कोंडून राहते. १६०७ च्या ऑगस्टपासून सुरू झालेल्या मृत्युसत्रामागे विषमज्वर, आमांश आणि खाऱ्या पाण्यामुळे होणारी विषबाधा असावी, असे भूगोलतज्ज्ञ कारव्हिल अर्ल यांनी १९७९ मध्ये मांडले.

त्यानंतर या चर्चेत एक अनपेक्षित साक्षीदार आला. डेव्हिड स्टाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्या प्रदेशातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या वार्षिक वलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १६०६ ते १६१२ ही सात वर्षे त्या भागातील ७७० वर्षांतील सर्वांत कोरडी सात वर्षे होती, असे त्यातून दिसून आले. जेम्सटाउनच्या विहिरीत टाकलेल्या कालवांच्या शिंपल्यांवरील २०१० चा अभ्यासही याला पूरक ठरला. त्या काळी नदीचे पाणी आजच्यापेक्षा बरेच खारट होते, असे शिंपल्यांच्या रासायनिक घडणीवरून आढळले.

हा निष्कर्ष केवळ हवामानापुरता नाही. दुष्काळात मका स्थानिकांनाही कमी पिकतो. विकत देण्याजोगे धान्य त्यांच्यापाशी उरत नाही आणि मागणारा बंदूक घेऊन दाराशी उभा असतो. आळस व शत्रुत्व या दोन शब्दांत समकालीनांनी जे सांगितले, त्याच्या मुळाशी पावसाचे सलग अपुरे हंगामही होते. वसाहतवाल्यांना ते कळण्याची सोय नव्हती, कारण तेथील चांगले वर्ष कसे असते हे त्यांनी पाहिलेलेच नव्हते.

आळशी माणसांचे कारखाने

किल्ल्यातील कचऱ्याचे खड्डे सर्वांत ठळकपणे खोडून काढतात ते आळसाचे चित्र. त्यांत धातू वितळविण्याच्या जर्मन बनावटीच्या मुशी, काच बनविण्याच्या प्रयत्नांचे अवशेष, मासेमारीचे गळ, सुतार व लोहारांची अवजारे आणि तांब्याच्या पत्र्याचे कापलेले असंख्य तुकडे आहेत. १६०८ मध्ये कंपनीने सोनार, धातुशोधक, जर्मन व पोलिश कारागीर पाठविल्याचे कागदोपत्री होतेच. त्यांचे काम प्रत्यक्ष झाल्याचे उत्खननाने दाखविले.

रॉबर्ट कॉटन हा चिलमी बनविणारा कारागीर याच सुमारास आला. स्थानिक मातीच्या, स्थानिक चिलमींच्या घडणीशी नाते सांगणाऱ्या चिलमी खड्ड्यांत व विहिरीत सापडल्या आहेत. काहींवर इंग्लंडमधील प्रतिष्ठितांची नावे ठशांनी उमटविलेली आहेत. बहुधा त्या भेटीदाखल पाठविण्यासाठी होत्या. वसाहतीला भांडवल पुरविणाऱ्यांना खूष ठेवण्याची ही धडपड एका कारागिराच्या हातून मातीत उतरली आहे.

तेव्हा प्रश्न काम करण्याचा नसून कोणते काम करायचे याचा होता. भागधारकांना नफा हवा होता. म्हणून माणसे काच, धातू आणि निर्यातीजोग्या वस्तू यांच्यामागे लावली गेली. मका पेरण्यास मनुष्यबळ उरले नाही. आळसाचा आरोप ज्यांच्यावर झाला त्यांच्यापेक्षा लंडनमधून हुकूम देणाऱ्यांच्या अग्रक्रमांची चिकित्सा अधिक आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘जंटलमन’ मंडळींच्या राहणीच्या खुणाही मातीत आहेत. जलचराच्या आकाराचे चांदीचे कानकोरणे, चिनी मातीचे मद्याचे नाजूक पेले, खेळण्याचे फासे, हिशेबासाठी वापरायच्या न्यूरेंबर्गच्या चकत्या अशा वस्तू कुडाच्या घरांलगतच्या कचऱ्यात सापडाव्यात, यातील विसंगती बोलकी आहे. ऱ्हाइन नदीकाठचे खुजे, स्पेनच्या तेलाच्या बरण्या व चीनचे पेले एका दलदलीच्या टोकाला एकत्र आले होते. मात्र ते ज्या हातांत होते त्या हातांना पुढील हंगामात धान्य मिळेल याची शाश्वती नव्हती.

अन्न आणि उपासमार

आरंभीच्या थरांत स्टर्जन माशांची व कासवांची हाडे विपुल आहेत. गायी-डुकरांच्या मांसावर वाढलेल्या इंग्रजांनी नदीने दिले ते खाल्ले. १६०९-१० च्या हिवाळ्याचे थर मात्र वेगळे आहेत. तेथे घोडे, कुत्री, मांजरे, उंदीर व साप यांची हाडे आहेत आणि त्यांवर सुरीच्या खुणा आहेत. पर्सीने आपल्या वृत्तांतात हेच प्राणी खाल्ल्याचे लिहिले होते. कुत्र्यांच्या हाडांतील प्राचीन डीएनएचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो : खाल्लेल्या कुत्र्यांपैकी काही युरोपातून आणलेली नसून स्थानिक वंशाची होती.

पर्सीने माणसांनी माणसांचे मांस खाल्ल्याचेही लिहिले होते. या विधानावर इतिहासकारांत शतकानुशतके मतभेद होते. काहींनी ते खरे मानले, तर काहींच्या मते ती विरोधकांची निंदा किंवा पदरची भर होती. २०१२ मध्ये एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांबरोबरच मानवी कवटीचे तुकडे, खालचा जबडा व पायाच्या नळीचे हाड मिळाले. स्मिथसोनियन संस्थेचे डग्लस औस्ली यांनी केलेल्या तपासणीचे निष्कर्ष मे २०१३ मध्ये जाहीर झाले. ती सुमारे चौदा वर्षांची इंग्रज मुलगी होती. मृत्यूनंतर तिच्या कपाळावर व डोक्याच्या मागील बाजूस घाव घातले गेले होते. जबड्यावर मांस सोडविताना झालेल्या सुरीच्या बारीक खुणा होत्या. कपाळावरचे पहिले घाव उथळ व चाचरत घातलेले आहेत. ज्याने ते घातले त्याला या कामाची सवय नव्हती.

हाडांतील समस्थानिकांवरून तिचे बालपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडे गेले असावे व तिच्या आहारात मांसाचे प्रमाण बरे असावे, असा अंदाज करण्यात आला. ती सुखवस्तू घरातील मुलगी असेल, किंवा तशा घरातील मोलकरीण. ऑगस्ट १६०९ मध्ये आलेल्या जहाजांतून ती आली असणे संभवते. तिचे नाव कोणासही ठाऊक नाही. अभ्यासकांनी तिला ‘जेन’ म्हटले, ते संदर्भाच्या सोयीसाठी. एका वादग्रस्त वाक्याची शहानिशा झाली, पण ती ज्या देहाच्या आधारे झाली त्याची ओळख मात्र हरवलेलीच राहिली.

कागदांनी न सांगितलेल्या स्त्रिया

किल्ला ज्या भूमीवर उभा राहिला ती पास्पाहेग जमातीची होती आणि ही जमात वाहुनसेनाकाव, म्हणजे इंग्रजांनी ज्याला पोवहाटन म्हटले, त्या अधिपतीच्या सुमारे तीस जमातींच्या सत्तेखाली होती. इंग्रजी वृत्तांतांत या लोकांचे उल्लेख भेटी, देवघेव व चकमकी यांच्या निमित्ताने येतात. किल्ल्याच्या तटामुळे आतले व बाहेरचे असे दोन विभाग पडले होते, अशी त्यावरून समजूत होते.

उत्खननाने ही सीमारेषा पुसट केली. किल्ल्याच्या आतील खड्ड्यांत स्थानिक बनावटीची खापरे मोठ्या संख्येने मिळाली आहेत. ही भांडी स्वयंपाकाची आहेत. त्यांच्याबरोबर हाडाच्या सुया आणि शिंपल्यांचे मणी घडवितानाचे अर्धवट तुकडेही सापडले. अर्धवट तुकडे व्यापारात येत नाहीत. ते जेथे काम चालते तेथेच पडतात. पोवहाटन समाजात भांडी घडविणे, स्वयंपाक व शेती ही कामे स्त्रियांची होती. त्यामुळे स्थानिक स्त्रिया किल्ल्याच्या आत राबत होत्या, कदाचित काही काळ राहतही होत्या, हा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. १६०८ च्या अखेरीपर्यंत तेथे दोनच इंग्रज स्त्रिया आल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या खापरांचे मोल कळते. रोजची भाकरी कोणाच्या हातची होती, हे कंपनीच्या पत्रांत नाही. ते खापरांत आहे.

तांब्याचे तुकडे याच व्यवहाराची दुसरी बाजू दाखवितात. पोवहाटन समाजात तांबे हे प्रतिष्ठेचे व सत्तेचे चिन्ह होते. इंग्रजांनी पत्रे कापून ते मक्याच्या बदल्यात दिले. खलाशांनी चोरून केलेल्या खाजगी व्यापारामुळे तांब्याची किंमत घसरल्याची तक्रार स्मिथने केली आहे. युरोपीय तांबे पास्पाहेग वस्तीच्या दफनांत व वाहुनसेनाकावच्या राजधानीत, वेरोवोकोमोको येथेही मिळाले आहे. ही राजधानी अभ्यासकांनी २००३ मध्ये निश्चित केली आणि २०१६ मध्ये ती जागा नॅशनल पार्क सर्व्हिसने संपादन केली.

या देवघेवीचा शेवट सांगितल्याशिवाय हा परिच्छेद पुरा होत नाही. ऑगस्ट १६१० मध्ये पर्सीच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी पास्पाहेग वस्तीवर हल्ला करून घरे व पिके जाळली, कैद केलेल्या मुलांना नदीत टाकून मारले आणि त्यांच्या आईलाही ठार केले. ही हकीगत पर्सीने स्वतःच नोंदविली आहे. ज्यांच्या मक्यावर वसाहत तगली त्यांचीच जमात उद्ध्वस्त झाली. सहजीवनाचा पुरावा आणि संहाराचा पुरावा एकाच मातीतून, अगदी लगतच्या थरांतून येतो. खापरांवरून निव्वळ सौहार्दाचे चित्र रंगविणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरेल.

आजार, मरण आणि श्रद्धा

किल्ल्याच्या तटाच्या आत, पश्चिम बाजूस, १६०७ मधील सुमारे तीस दफने सापडली. मृत्यूचे आकडे शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून आतच दफन करण्याची सूचना कंपनीने दिली होती. त्यांपैकी एका किशोराच्या पायाजवळ दगडी बाणाग्र मिळाले. मे १६०७ मधील हल्ल्यात एक मुलगा मारला गेल्याची नोंद आहे, तो हाच असावा. त्याच्या जबड्यात दातांच्या मुळाशी गळूही होते. बाण लागण्याआधी तो काही काळ दातदुखीने तळमळत असणार. युद्धाच्या वृत्तांतात दातदुखीला जागा नसते.

वैद्यकाच्या साधनांत औषधांच्या बरण्या आणि तीव्र मलावरोधावर वापरायचे लोखंडी शस्त्र मिळाले. या शस्त्राचे वर्णन जॉन वूडॉल याने १६१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शल्यचिकित्सेवरील ग्रंथात आहे. वूडॉल हा ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख शल्यचिकित्सक होता. हिंदी महासागराकडे निघालेल्या जहाजांच्या पेटाऱ्यांत जी साधने होती, तीच जेम्स नदीकाठीही होती. कवटीला छिद्र पाडण्याचा प्रयत्न झाल्याच्या खुणा असलेला एक तुकडाही खंदकात मिळाला. रोग्याचा जीव वाचला नाही, पण वाचविण्याचा यत्न झाला होता.

१६०८ च्या लाकडी चर्चचे खांबखड्डे २०१० मध्ये सापडले. १६१४ मध्ये पोकाहॉन्टस व जॉन रॉल्फ यांचा विवाह याच चर्चमध्ये झाला. वेदीजवळच्या चार दफनांची ओळख २०१५ मध्ये जाहीर झाली : धर्मोपदेशक रॉबर्ट हंट, कॅप्टन गॅब्रिएल आर्चर, सर फर्डिनांडो वेनमन व कॅप्टन विल्यम वेस्ट. आर्चरच्या शवपेटीवर चांदीची लहान बंद डबी होती. ती न उघडता केलेल्या क्ष-किरण तपासणीत आत हाडांचे तुकडे व शिशाची कुपी दिसली. अशी अवशेषमंजूषा कॅथलिक परंपरेशी जोडली जाते. प्रॉटेस्टंट वसाहतीच्या एका पुढाऱ्याच्या थडग्यात ती कोणी व का ठेवली, याचे उत्तर निर्विवाद नाही. परंतु अधिकृत धर्म व माणसांची खाजगी श्रद्धा यांत अंतर असू शकते, एवढे ती निश्चित सांगते.

नाव आहे, देह नाही

१६१९ हे वर्ष व्हर्जिनियाच्या इतिहासात दोन घटनांसाठी स्मरले जाते. ३० जुलै रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली आणि ऑगस्टअखेर पॉइंट कम्फर्ट येथे वीसहून अधिक आफ्रिकी बंदी उतरविण्यात आले. १६२५ च्या जनगणनेत कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरात ‘अँजेला’ या आफ्रिकी स्त्रीची नोंद आहे. २०१७ पासून पिअर्सच्या घराच्या परिसरात तिच्या जीवनाचा मागोवा घेण्यासाठी उत्खनन झाले. तेथे मिळालेल्या वस्तूंत कवड्याही आहेत. या कवड्या मूळच्या हिंदी महासागरातील. गुलामांच्या व्यापारात त्या चलन म्हणून वापरल्या जात. परंतु यांतील एखादी वस्तू अँजेलाने हाताळली होती, असे सिद्ध करणे शक्य नाही.

भारताशी निगडित असाच एक उल्लेख आहे. जेम्सटाउनचा व्यापारी जॉर्ज मेनेफी यास १६३५ मध्ये मिळालेल्या जमिनीच्या पट्ट्यात, ज्यांना आणल्याबद्दल जमीन मिळाली त्यांच्या यादीत, ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे नाव आहे. तो कोणत्या बंदरातून निघाला, कोणती भाषा बोलत होता, त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव काय होते, यांविषयी पट्टा मूक आहे. जमिनीच्या मोजणीत तो एक आकडा म्हणून आला आणि तेवढाच उरला.

जेनचा देह आहे, नाव नाही. अँजेला व टोनी यांचे नाव आहे, आणि तेही इतरांनी दिलेले, देह नाही. दोन्ही साधनांच्या मर्यादा येथे समोरासमोर येतात.

पुराव्याच्या मर्यादा

पुरातत्त्वीय पुरावा निःपक्षपाती असतो असा समज अलीकडे बळावला आहे. तो तपासून घ्यावा लागेल. हाड, खापर, काच व तांबे टिकते. मक्याची भाकरी, सालीची चटई, विणलेली टोपली टिकत नाही. साहजिकच स्थानिकांच्या व स्त्रियांच्या श्रमाचा मोठा भाग मातीतही अदृश्य राहतो. दुसरे असे की, उत्खनन कोठे करायचे हे माणसे ठरवितात. इंग्रजांच्या किल्ल्यावर गेली तीन दशके अखंड लक्ष दिले गेले. पास्पाहेगांच्या वस्तीकडे तेवढे गेले नाही. कागदाप्रमाणे खोदकामाचेही अग्रक्रम असतात.

तिसरी मर्यादा काळाची आहे. समुद्राची वाढती पातळी व पूर यांमुळे जेम्सटाउनची जागा धोक्यात आली असून २०२२ मध्ये अमेरिकेतील अतिधोक्यातील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. नदीने किल्ला नेला हा जुना समज चुकीचा निघाला. तो खरा ठरण्याची भीती आता निर्माण झाली आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, जेम्सटाउनच्या आरंभीच्या अपयशाचे आळस हे कारण अपुरे आहे. दुष्काळ, खारे पाणी व नफ्यासाठी ठरविलेले कामाचे अग्रक्रम यांचा वाटा अधिक मोठा दिसतो. दुसरा, वसाहत केवळ इंग्रजांच्या बळावर तगली नाही. तटाच्या आत राबलेल्या स्थानिक स्त्रियांच्या श्रमाचा पुरावा किल्ल्याच्या कचऱ्यात आहे. तिसरा, उपासमारीविषयीच्या पर्सीच्या विधानाला उत्खननाने पुष्टी दिली, तर स्मिथच्या आरोपांना मुरड घातली. म्हणजे लेखी साधन सरसकट स्वीकारणे जितके अयोग्य तितकेच ते सरसकट नाकारणेही अयोग्य. चौथा, साध्या माणसांचा इतिहास लिहावयाचा तर साधनांची उतरंड मोडावी लागते.

महाविद्यालयीन वर्गात इतिहास शिकविताना आपण सनदा, तह व राज्यकर्त्यांची पत्रे विद्यार्थ्यांसमोर ठेवतो. त्यांच्या शेजारी विहिरीतील एक खापर आणि चाचरत घाव घातलेली एक कवटी ठेवली, तर तीच सनद वेगळी वाचली जाते. सनदेत वसाहतीचा हेतू लिहिलेला असतो. त्या हेतूची किंमत कोणी, कोणत्या हिवाळ्यात, काय खाऊन चुकती केली, ते मातीला विचारावे लागते.